दारातल्या हरणाला काही द्यायचं नाही

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात शंभराहून अधिक मैल लहानमोठ्या बेटांची रांग गेली आहे. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात; ‘की’ म्हणजे छोटं बेट. ही बेटं जोडणारा रस्ता एकच, यूएस वन. त्यामुळे इथे पत्ता विचारला की लोक आधी गल्लीचं नाव सांगत नाहीत, मैल सांगतात. की वेस्टला शून्य, मॅरेथॉनला पन्नास, आणि आमचं बिग पाइन की तिसाव्या मैलाच्या आसपास. ‘तिसाव्याच्या जवळ, गल्फच्या बाजूला’ (म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या) एवढं म्हटलं की पाहुण्यांपासून नळदुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे बरोबर दारात येतात.

या रस्त्याच्या जागी आधी रेल्वे होती. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीची आगगाडी १९१२ मध्ये की वेस्टला पोचली. १९३५ च्या वादळानं रूळ उखडले आणि उरलेल्या पुलांवरून १९३८ मध्ये मोटारींचा रस्ता सुरू झाला. मी मॅरेथॉनला औषधांच्या दुकानात काम करते. जाता-येता सात मैलांच्या पुलावरून जावं लागतं, आणि शेजारी तो जुना रेल्वेपूल समुद्रात उभा दिसतो. पिण्याचं पाणीसुद्धा याच वाटेनं येतं. नौदलानं १९४२ मध्ये मुख्य भूमीवरच्या विहिरींपासून की वेस्टपर्यंत नळ टाकला, त्यावर ही बेटं वसली. वीज, पाणी, भाजी, दवाखाना, सगळं या एका रस्त्याच्या जिवावर.

बिग पाइनची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. घरं खांबांवर, कारण वादळात समुद्र आत येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. घराखालच्या मोकळ्या जागेत होडी, गाडी, कपडे धुवायचं यंत्र, मासे साफ करायचं टेबल. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्या अंगणात लॉबस्टरच्या लाकडी सापळ्यांची चळत लागलेली असते. जुलैच्या शेवटी दोन दिवस हौशी लोकांना लॉबस्टर धरायची मुभा मिळते, तेव्हा रस्ता होड्या ओढणाऱ्या गाड्यांनी भरून जातो. ऑगस्टपासून धंदेवाल्यांचा हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून खेकड्यांचा. हे सगळं कीजमध्ये इतरत्रही आहे. आमच्या बेटावर त्याशिवाय हरणं आहेत, आणि ती गावातच राहतात.

आमच्याकडे संध्याकाळी एक मादी येते. उजव्या कानाला खाच आहे, म्हणून ओळखू येते. उंची शेळीएवढी, पण पाय बारीक आणि मान लांब. ती आधी रस्त्याच्या कडेला थांबते, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवते, मग घराखालून चालत मागच्या कुंपणाच्या तुटक्या कडेशी जाते. तिथे सी-ग्रेप या किनाऱ्यावरच्या झाडाची पानं पडलेली असतात. ती हुंगते, सोडते, आणि मान उंच करून जास्वंदीचं फूल अलगद तोडते. खाताना पाकळ्यांचा आवाज येतो इतकी ती जवळ असते. गणपतीसाठी म्हणून मी लावलेल्या जास्वंदी आता जिन्याच्या वर, गच्चीत कुंड्यांमध्ये आहेत. खाली जे उगवतं ते हरणांचं, असा इथला न लिहिलेला करार आहे.

या हरणाचं नाव की डिअर. जात नवी नाही. अमेरिकेत बहुतेक भागांत दिसणारं पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं, त्याचीच ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात छोटी उपजात. हिमयुग संपलं, बर्फ वितळून समुद्र वर आला, जमिनीची बेटं झाली आणि जी हरणं या बेटांवर अडकली ती पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेली. पूर्ण वाढलेला नर पंचवीस ते चौतीस किलोंचा, मादी त्याहून हलकी, खांद्याशी उंची दोन-अडीच फूट. एप्रिल-मे मध्ये जन्मणारं पाडस किलो-दोन किलोंचं असतं आणि त्याच्या खुराचा ठसा अंगठ्याच्या नखात मावतो. दिवसाउजेडी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जाणारं हरीण मी इथे येईपर्यंत पाहिलं नव्हतं. फक्त डोकं आणि कान पाण्यावर, आणि मागे सरळ एक रेघ. ही हरणं जगात फक्त या खालच्या कीजमध्ये आहेत, आणि त्यातली बहुतेक बिग पाइन आणि शेजारच्या नो नेम की या दोन बेटांवर.

पन्नासच्या दशकात ती संपत आली होती. शिकारी जंगलाला आग लावून, कुत्री सोडून हरणांना पाण्यात पळवत आणि होडीतून त्यांचा जीव घेत. व्यंगचित्रकार जे डार्लिंग यांनी १९३४ मध्ये यावर एक चित्र काढलं आणि देशाला या हरणांचं नाव पहिल्यांदा कळलं. फ्लोरिडानं १९३९ मध्ये शिकारीवर बंदी घातली, पण बेटांवर ती पाळून घ्यायला कुणी नव्हतं. पुढे जॅक वॉटसन नावाचा रक्षक आला. एकटा माणूस, होडीनं आणि जीपनं बेटांमागून बेटं फिरणारा. चोरट्या शिकाऱ्यांच्या गाड्या आणि होड्या त्यानं कशा निकामी केल्या याच्या गोष्टी इथली म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. १९५७ मध्ये नॅशनल की डिअर रेफ्यूज हे अभयारण्य झालं तेव्हा पंचवीस ते पन्नासच्या दरम्यान हरणं उरली होती. आज ती आठशे ते हजार असावीत असा अंदाज सांगतात. वॉटसनच्या नावाची पायवाट आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि तिथून जाताना मला नेहमी वाटतं की एका माणसाच्या हट्टामुळे एखादा प्राणी जगात उरू शकतो याचा याहून ठळक पुरावा मिळायचा नाही.

माझं माहेर करमाळा तालुक्यातलं. तिथे हरीण म्हणजे काळवीट. उसाच्या पट्ट्यापलीकडे कोरडं माळरान, त्यावर त्यांचे कळप. ज्वारी हुरड्यात आली, हरभरा घाट्यात आला की रात्रीतून रानात उतरायचे. वडील चिडायचे, डबा वाजवत बांधावरून पळायचे, पण गोफणीत दगड कधी घातला नाही. आमच्याकडे हरीण हे असं होतं. नुकसान करणारं, देखणं, आणि माणसापासून कायम दोन शेतं लांब. त्याला हातानं काही खायला घालायची कल्पना कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. खायला घालायचं ते गाईला, कुत्र्याला, चिमण्यांना, पितरांच्या नावानं कावळ्याला. पहिली पोळी तव्यावरून उतरली की गाईची बाजूला काढायची, हे मी विचार न करता अजूनही करते, आणि मग ती स्वतःच खाते, कारण इथे गाय नाही.

म्हणून इथला पहिला नियम अंगवळणी पडायला मला वेळ लागला. की डिअरला खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो. आईला व्हिडिओवर ती खाच असलेली मादी दाखवली तेव्हा ती आधी हरखली आणि मग म्हणाली, “अगं, दारात येऊन उभी राहिलीय, तिला चतकोर भाकरीसुद्धा नाही द्यायची?” मी नाही म्हटलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. दारात आलेला जीव उपाशी परत पाठवायचा नाही, यावर तिचं सगळं आयुष्य उभं आहे. तिला नियम सांगून पटणार नव्हतं, कारणंच सांगावी लागली.

कारण रस्ता आहे. की डिअर मरतात त्याचं सगळ्यात मोठं कारण गाडी. एकदा का खिडकीतून बिस्कीट मिळालं की हरीण गाडीच्या आवाजाकडे येतं, पळून जात नाही. पाडसं आईच्या मागे येतात आणि तेच शिकतात. एका जागी गर्दी झाली की रोग पसरतात, मोकाट कुत्र्यांना आयती शिकार मिळते. ब्रेडनं आणि चिप्सनं पोट भरलं की ते कांदळवनाची पानं आणि थॅच पामची फळं सोडतात. इथे शंभरावर जातींच्या वनस्पती त्यांच्या खाण्यात आहेत, उपाशी कुणी नाही. नो नेम कीकडे जाणाऱ्या पुलापलीकडे पर्यटक गाड्या थांबवतात, काचा खाली येतात, हात बाहेर येतात. त्या हातांमध्ये दुष्टावा अजिबात नसतो. प्रेमच असतं, आणि नेमकं म्हणून ते थांबवणं अवघड जातं.

यूएस वनवर बिग पाइनच्या हद्दीत दिवसा ताशी पंचेचाळीस मैल आणि रात्री पस्तीस मैल अशी मर्यादा आहे. मायामीहून की वेस्टला निघालेल्या माणसाला इथे पोलीस थांबवतात तेव्हा त्याला राग येतो. मला मात्र त्या पस्तीसच्या पाटीबद्दल आदर आहे. मॅरेथॉनहून उशिरा परतताना बाहिया होंडाचा पूल उतरला की माझा पाय आपोआप वर येतो. २००३ मध्ये रस्त्याखालून हरणांसाठी दोन भुयारी वाटा तयार झाल्या आणि दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं गेलं. त्या पट्ट्यात अपघात पुष्कळ कमी झाले. गावातल्या आतल्या रस्त्यांना मात्र कुंपण नाही. तिथे सगळं चालवणाऱ्याच्या पायावर आहे.

हरणांमुळे इथे घर बांधायची परवानगीसुद्धा सहज मिळत नाही. नो नेम कीवर तर वीजच २०१३ मध्ये आली. तोवर तिथली घरं सौरऊर्जेवर आणि जनरेटरवर चालत, आणि वीज आणावी की नाही यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्टकचेरी झाली. ज्यांना नको होती ते म्हणत, वीज आली की घरं येतील, घरं आली की हरणं जातील. मला दोन्ही बाजूंची माणसं भेटली आहेत. उन्हाळ्यात पंख्याशिवाय म्हाताऱ्या आईला सांभाळणाऱ्याचंही मला चुकीचं वाटत नाही.

हरणांशिवायचं बिग पाइन सांगायचं तर ब्लू होलपासून सुरुवात करावी लागेल. रेल्वेच्या काळात चुनखडीचा दगड काढून झालेली ती खाण आता तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना पावसाचं गोडं पाणी खडकात साठतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पाइनची झाडं, हरणं, कासवं, तळ्यातली मगर (इथली ॲलिगेटर), सगळ्यांचं आयुष्य या पातळ थरावर चाललंय. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या मला हे पाणी फार मोलाचं वाटतं. उन्हाळ्यात त्याची पातळी मी अशीच बघून येते, जशी माहेरी विहिरीत डोकावून बघायचो.

पाइनच्या रानात पॉइझनवुड नावाचं झाड आहे. सालीवर डांबर सांडल्यासारखे काळे डाग. हात लागला की दुसऱ्या दिवशी फोड येतात, खाज थांबत नाही. दुकानात दर हंगामात कुणीतरी सुजलेले हात घेऊन येतं आणि मला लांबूनच कळतं, कारण बिब्बा उतलेला माणूस मी लहानपणी पाहिला आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, आंब्या-काजूच्या. आणि याच विषारी झाडाची फळं पांढऱ्या टोपीचं कबूतर चवीनं खातं. ते निर्जन बेटांवरच्या कांदळवनात घरटं करतं आणि चरायला समुद्रावरून उडत इकडे येतं. विजेच्या खांबांवर ऑस्प्रेची काटक्यांची घरटी असतात. हा मासेखाऊ शिकारी पक्षी आपल्या किनाऱ्यांवरही हिवाळ्यात येतो. हिरवे इग्वाना मात्र बाहेरून आलेले. एखाद्या थंड पहाटे ते गारठून फांदीवरून खाली पडतात आणि ऊन आलं की उठून चालू लागतात.

आता २०१६ बद्दल.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी जखमी नर दिसू लागले. शरद ऋतूत नरांची झुंज असते, मानेवर आणि डोक्यावर शिंगांच्या जखमा दरवर्षीच होतात. पण या जखमा भरत नव्हत्या, मोठ्या होत होत्या. गावातल्या एका वळणावर मी गाडी थांबवली तेव्हा एक नर कुंपणाला डोकं घासत उभा होता. शिंगाच्या मुळाशी मुठीएवढं भोक होतं आणि ते हलत होतं. वाऱ्याबरोबर वास आला, आणि मी एका क्षणात करमाळ्याच्या गोठ्यात पोचले. आमच्या एका खोंडाच्या खांद्यात असेच किडे पडले होते. वडिलांनी सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरला होता आणि मी त्याची वेसण धरून उभी होते. तो वास विसरता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सरकारी प्रयोगशाळेनं नाव सांगितलं: स्क्रूवर्म. साध्या माशीच्या अळ्या मेलेलं मांस खातात. या माशीच्या अळ्या जिवंत मांस खातात. मादी जखमेच्या कडेला शेकड्यांनी अंडी घालते, दिवसाभरात अळ्या निघतात आणि स्क्रूसारख्या आत शिरतात. जखम वाढते, वासानं आणखी माश्या येतात. आठवड्याभरात अळ्या पोट भरून मातीत पडतात आणि जनावर बहुधा मरतं. फ्लोरिडातून ही माशी १९५९ मध्ये आणि अमेरिकेतून १९८२ मध्ये नाहीशी केलेली होती. ती परत आली आणि नेमकी अशा प्राण्यात शिरली जो जगात दुसरीकडे कुठेच नाही.

तिला पहिल्यांदा नाहीसं कसं केलं होतं, ते औषधांच्या धंद्यात असूनही मला तेव्हाच नीट कळलं. एडवर्ड निप्लिंग या कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या माशीची मादी आयुष्यात एकदाच समागम करते. मग कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, कोशात असताना किरणोत्सारानं नपुंसक करायच्या आणि सोडून द्यायच्या. रानातली मादी त्यांच्यातल्या नराशी जुळली की तिची अंडी फुकट. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हे सिद्ध झालं. २०१६ मध्ये पनामातल्या कारखान्यातून तसेच कोश आमच्या बेटांवर आले आणि ठिकठिकाणी ठेवलेल्या पेट्यांतून माश्या उडू लागल्या. अठरा कोटींहून जास्त माश्या सोडल्या गेल्या. आधीच डासांनी वैतागलेल्या गावानं त्या निमूट सोसल्या. पुढे २०२१ मध्ये एका कंपनीनं जनुकं बदललेले डास शेजारच्या बेटांवर सोडले तेव्हा याच गावात कडाडून भांडणं झाली. स्क्रूवर्मच्या वेळी भांडायला कुणाला सवड नव्हती. रस्त्याकडेला मरणारं हरीण रोज दिसत होतं. वरच्या टोकाला की लार्गोला तपासणी नाका बसला, कीजमधून बाहेर जाणारं प्रत्येक कुत्रं-मांजर तिथे थांबवून जखमा बघत होते.

पण नपुंसक माश्या पुढच्या पिढ्यांना वाचवतात. आज जखम झालेल्या हरणाला त्यांचा काही उपयोग नाही. त्यासाठी डोरामेक्टिन द्यायचं ठरलं, गुरांना जंतासाठी देतात त्या आयव्हरमेक्टिनच्या घराण्यातलं. रानातल्या शेकडो हरणांना सुया कोण टोचणार? म्हणून औषध ब्रेडच्या तुकड्यात घालून खायला द्यायचं. आणि ते द्यायला अभयारण्यानं गावातल्या माणसांना बोलावलं. ज्या हातांना इतकी वर्षं मागे राहायला सांगितलं होतं, त्यांनाच रीतसर नाव नोंदवून पुढे यायला सांगितलं. माझी शेजारीण गेली, तिच्याबरोबर मीही गेले.

पहिल्या संध्याकाळी माझ्या तळहातावर तो तुकडा होता. गोडसर वास येत होता. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तीन माद्या आणि एक तरुण नर. नराच्या मानेवर ताजा ओरखडा होता, अजून लाल, किडे न पडलेला. तो दोन पावलं आला, थांबला, नाकपुड्या फुगल्या. मग खालचा ओठ माझ्या बोटांना लागला, गरम आणि थोडा खरखरीत, आणि तुकडा गेला. शेजारणीनं वहीत टिपून घेतलं. दुसरा तुकडा त्याला द्यायचा नव्हता. तो मागत उभा राहिला आणि आम्ही दोघी हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलो. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मग? मी काय म्हणत होते?” आणि लगेच विचारलं, “वाचेल का गं तो?”

तो वाचला. थंडीत शिंगं गळेपर्यंत मी त्याला पाहत होते.

या प्रकरणात एक गोष्ट मला अजून सरळ करता आलेली नाही. औषध इतक्या हरणांच्या पोटात गेलं, कारण ती माणसाच्या हाताला घाबरत नव्हती. आणि ती घाबरत नव्हती, कारण वर्षानुवर्षं लोकांनी नियम मोडून त्यांना खायला घातलं होतं. गावात काही जण हे छातीठोकपणे बोलून दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. तरी मी नियमाच्याच बाजूची आहे. माशी एकदा आली. गाड्या रोज येतात. माणसाळलेल्या हरणांना त्या एका हिवाळ्यात झालेला फायदा मोजायचा, तर तशीच माणसाळलेली म्हणून रस्त्यावर मेलेली आधीची आणि नंतरची हरणंही मोजायला हवीत. आणि तो तुकडा भुकेसाठी नव्हता, मोजून दिलेलं औषध होतं, हेही विसरायला नको.

२३ मार्च २०१७ ला माशी संपल्याचं जाहीर झालं. तोवर १३५ हरणं गेली होती. बहुतेक नर होते, पुष्कळांना हाल संपवण्यासाठी अभयारण्याच्या लोकांनाच मारावं लागलं. त्या काळात त्यांच्यापैकी एक जण दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला आला होता. मी त्याला काही विचारलं नाही.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला इर्मा वादळ आमच्यापासून काही मैलांवर, कडजो कीवर धडकलं. आम्ही उत्तरेला निघून गेलो होतो. परतलो तेव्हा यूएस वनच्या दोन्ही कडांना फ्रिज, गाद्या, छपरांचे पत्रे यांचे डोंगर होते. कांदळवन तपकिरी झालं होतं. गोड्या पाण्याच्या डबक्यांत समुद्र शिरला होता. घराचा जिना शाबूत होता आणि जिन्याखाली चिखलात ताजे खूर उमटले होते. बहुतेक हरणं तगली होती. वादळं त्यांना नवी नाहीत.

नवं आहे ते हळूहळू चढणारं पाणी. बिग पाइनची बहुतेक जमीन समुद्रापासून दीड-दोन मीटरसुद्धा उंच नाही. खारं पाणी खडकातून वर येतं तसा तो गोड्या पाण्याचा थर पातळ होत जातो, पाइन वाळतात, खाली खारफुटी पसरते. इथून वरच्या की लार्गोवर एका जातीच्या निवडुंगाचं अमेरिकेतलं शेवटचं नैसर्गिक ठिकाण याच कारणानं संपलं, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. हरणांना दुसरीकडे हलवायचं का, हलवलं तर ती की डिअर राहतील का, मुख्य भूमीवरच्या हरणांत मिसळून जातील का, यावर इथे चहाच्या टेबलावरसुद्धा बोलणं होतं. मला वाटतं की जोवर या बेटांवर प्यायला पाणी आहे तोवर त्यांना इथेच ठेवण्यासाठी जे लागेल ते करावं. ती गेली तर बिग पाइन हे पुलाच्या वाटेवरचं एक पेट्रोल भरायचं ठिकाण उरेल.

आणि माशी परत निघाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मेक्सिकोच्या दक्षिणेला सापडली, २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेच्या सीमेपासून सत्तर मैलांच्या आत आली. तेव्हापासून झुंजीच्या दिवसांत मी आणि शेजारीण जिन्यात दुर्बीण ठेवतो. नर दिसला की आधी शिंगांचं मूळ, मग मान, मग खांदे बघायचे. ओली जागा दिसली, तो डोकं झटकताना दिसला, की अभयारण्याला फोन. गेल्या शरदात एकदा केला होता. त्यांचा माणूस अर्ध्या तासात आला, झुडपात शिरून नर शोधला, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की साधी जखम आहे, खपली धरतेय. आईला हेही कळवावं लागतं, ती आता दर आठवड्याला विचारते. मी तिला सांगितलंय की अजून कुणालाही काही खायला घालायचं नाहीये. पुन्हा बोलावलं तर पहिल्याच दिवशी जाऊन नाव देईन.